राजमातेचे मिटलेले डोळे

१

पडदा मागावरून कापून खाली घेतला, चौघांनी मिळून तो सुलटा केला, आणि पहिली किंकाळी राजवाड्यातून आलेल्या दासीने फोडली. दुसरी माझी होती. चौसष्टाव्या वर्षी माणसाने किंकाळी फोडावी हे काही भूषण नाही, पण खोटं कशाला सांगू?

जमिनीवर राजमाता पसरली होती. पुरुषभर उंचीची, निळ्या झग्यातली, एक हात शिकारी कुत्र्याच्या डोक्यावर ठेवलेली. लोकर आणि रेशमाने चौदा महिने विणलेली. कुत्र्याचे डोळे उघडे होते. झाडावरच्या पाखरांचेही उघडे होते. राजमातेचे मिटलेले होते.

खरी राजमाता सोमवारी गेली होती. तो गुरुवार होता.

मी विणकर संघाचा कापड-तपासनीस. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असतं म्हणून लोक मला भिंगकाका म्हणतात. हे असले पडदे कसे विणतात ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्ही मलाच वेड्यात काढाल. विणकर पडद्याच्या मागच्या बाजूला बसतो. त्याच्यासमोर उलटी बाजू असते, लोंबत्या दोऱ्यांचं नुसतं जंगल. पुढची बाजू बघायची तर ताण्याच्या उभ्या दोऱ्यांपलीकडे तळहाताएवढा आरसा लावून बघावी लागते. विणायचं खालून वर. पाय आधी, चेहरा नंतर, डोक्यावरचं आभाळ शेवटी. विणून झालेला भाग खालच्या रुळाभोवती गुंडाळत जायचा, आणि गुंडाळलेलं पुन्हा उलगडायचं नाही.

दर महिन्याला मी कारखान्यात जाऊन त्या रुळावर लाखेची मोहोर लावत असे, म्हणजे गुंडाळलेल्या भागात मागाहून कुणाला हात घालता येऊ नये. चेहरा ज्या महिन्यात गुंडाळला गेला त्या महिन्याची मोहोर मीच त्या सकाळी फोडली होती. शाबूत होती. म्हणजे ते डोळे दहा आठवड्यांपूर्वी मिटले होते. दहा आठवड्यांपूर्वी राजमाता घोड्यावर बसून रपेट करत होती.

खिडकीच्या फटीतून वारा आला आणि कापड छातीपाशी जरासं वर उचललं जाऊन खाली बसलं. श्वास घेतल्यागत.

"कुणाला तरी आधीच ठाऊक होतं," दासी म्हणाली. तिच्या नजरेच्या टोकाला पडदा विणणाऱ्या दोन बहिणी उभ्या होत्या.

२

"विष नाहीतर चेटूक," संघप्रमुख म्हणाले. बाहेर हाडं गोठवणारं धुकं होतं आणि त्यांना घाम फुटला होता. "नव्या राजांना तिसरं काही सुचत नाही. दोन्हीला फाशीच. रविवारी अंत्यविधी आहे. शनिवारी दुपारी बारापर्यंत चेहरा विणणारीचं नाव त्यांना हवंय."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर दोघींना."

त्या दोघींना मी त्यांच्या परकरातल्या दिवसांपासून ओळखतो. त्यांचा बाप या गावातला सगळ्यात मोठा उस्ताद होता. तो दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हा संघातल्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. बायकांच्या हातात कारखाना? बंद करा, वाटून घ्या! त्या वेळी या दोघी संघाच्या सभेत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि तीन दिवस भांडल्या. एकीचा घसा बसला की दुसरी सुरू. शेवटी पंच थकले. म्हणाले, ठीक आहे, पण गादी एक आणि उस्ताद एक. राजमातेच्या पडद्यावरचा चेहरा जी विणेल तिची गादी. चेहरा एकाच हाताने विणलेला हवा आणि त्याला सुई लागता कामा नये. चेहऱ्याला सुई न लावण्याचा हा नियम संघाचा सगळ्यात जुना. सुईने काय, कुणीही आपलं वेडंवाकडं झाकून टाकेल.

झालं. जगाशी लढताना एका जिवाच्या असलेल्या बहिणी त्या दिवसापासून एकाच बाकावर बसून एकमेकींशी लढू लागल्या. कारखान्यात चांगली कात्री एकच होती. ती दोघी एकमेकींपासून लपवायच्या, आणि तिसऱ्या कुणी मागितली तर दोघी मिळून नाही म्हणायच्या.

"मग अवघड काय त्यात?" मी म्हणालो. "जिने चेहरा विणला ती आता कानावर हात ठेवेल आणि दुसरी तिच्याकडे बोट दाखवेल. उद्या दुपारपर्यंत नाव देतो."

इतका चुकीचा अंदाज मी आयुष्यात केला नव्हता.

३

शुक्रवारी सकाळी कारखान्यात गेलो. रस्त्यातल्या बायका त्या दारासमोरून जाताना मुलांचे डोळे झाकत होत्या. आत तीसेक हात लांबीच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. उत्तरेच्या उंच खिडक्यांना धुकं चिकटलं होतं आणि रिकाम्या मागावर ताण्याचे कापलेले दोरे लोंबत होते. वारा नव्हता, तरी ते हलत होते.

थोरली मागासमोर बाकावर बसली होती. माझ्याकडे पाठ होती.

"या भिंगकाका," ती म्हणाली. "डावा बूट अजून कुरकुरतोच वाटतं. बसा. डाव्या हाताला खुर्ची आहे."

मी बसलो. ती वळली. वय छत्तीस, चेहरा बापासारखा रेखीव. ती माझ्याकडे बघत होती, पण माझ्या कानाच्या जरा मागे. मागे कुणी उभं आहे की काय म्हणून मी वळूनही पाहिलं.

"चेहरा कुणी विणला?"

"मी."

"सगळा?"

"हनुवटीपासून कपाळापर्यंत."

"मग डोळे मिटलेले का?"

"तसे झाले," ती म्हणाली.

"अगं बाई, फाशी आहे याला. कळतंय का?"

"कळतंय. पण चेहरा माझा आहे. तसं लिहा. नावाच्या मागे उस्ताद लावायला विसरू नका."

मी डोक्याला हात लावून बाहेर आलो आणि धाकटीकडे गेलो. तिला वरच्या मजल्यावर लोकरीच्या कोठीत बंद केलं होतं. एकोणतीस वर्षांची, हात कधी स्वस्थ न बसणारे. आताही ती एक धागा बोटाला गुंडाळून सोडत होती.

"चेहरा मी विणला," मी विचारायच्या आतच ती म्हणाली.

"तुझी ताई म्हणते तिने विणला."

धाकटी हसली. "म्हणणारच ती. मरायलासुद्धा पहिला नंबर हवा तिला." हसता हसताच ती रडू लागली. "काका, माझं नाव लिहा. हात जोडते."

"डोळे का मिटलेस?"

"वाटलं म्हणून."

"असं कसं, वाटलं म्हणून?"

तिने तोंड फिरवलं. दोघी एका माळेचे मणी. आयुष्यभर चोरांना चोरी नाकारताना पाहिलं मी. दोन माणसं एका फासासाठी भांडताना पहिल्यांदाच पाहत होतो.

४

ज्यावरून पडदा विणतात ते मूळ चित्र काढणारा चितारी दुसऱ्या गल्लीत राहतो. गोल गरगरीत माणूस, पण त्या दिवशी त्याची पाचावर धारण बसली होती. न विचारता त्याने तीन शपथा घेतल्या आणि चित्र माझ्यासमोर पसरलं. त्यातली राजमाता टक्क उघड्या डोळ्यांनी बघत होती. करडे-निळे डोळे, एकेका डोळ्यात आठ छटा.

"मी उघडे काढले, काका! मिटलेले मी का काढेन? मेलेल्या माणसाचं चित्र काढायचे पैसे वेगळे असतात."

"चेहरा विणत होत्या तेव्हा तू कारखान्यात गेला होतास?"

"तीनदा गेलो. तिसऱ्यांदा दारातूनच परत फिरलो. दोघींची जुंपली होती. थोरली ओरडत होती, तू हात लावलास तर चेहरा तुझा होईल. धाकटी म्हणाली, हो, होईल, आणि ते मी सगळ्यांना सांगेन. मग थोरली म्हणाली, राहू दे तर तसाच!"

"काय राहू दे तसाच?"

"मला काय ठाऊक? बहिणींच्या भांडणात पुरुषाने पडू नये, असं माझी आई सांगायची."

तिथून रंगाऱ्याकडे गेलो. हा काटकुळा, कोपरापर्यंत निळा, आणि एक वाक्य बोलायला दहा मिनिटं घेणारा. धाकटीच्या मागे दोन वर्षं लागला होता आणि ती त्याला रेशमापलीकडे काही विचारत नव्हती. मनात आणलं असतं तर त्याने तिला वाचवायला खोटंही सांगितलं असतं, पण त्याला खोटं सुचायलाही वेळ लागतो.

"शेवटचं काय नेलं तिने?" मी विचारलं.

"रेशीम. करडं-निळं. आठ छटा."

"कधी?"

त्याने बोटं मोजली. "तीन आठवडे झाले."

मी सावध झालो. चेहरा तर दहा आठवड्यांपूर्वीच विणून, गुंडाळून, माझ्या मोहोरेखाली गेला होता. "किती नेलं?"

"प्रत्येकी दोन हात. मी म्हटलं, एवढ्यात माशीचा सदरासुद्धा व्हायचा नाही. म्हटलं, डोळे केव्हाच झाले ना विणून? तर म्हणाली, आपल्या कामाशी काम ठेव."

झालेल्या डोळ्यांसाठी नवं रेशीम, तेही माशीच्या सदऱ्याला न पुरणारं. मी तडक संघाच्या सभागृहाकडे चालू लागलो. त्या चेहऱ्याकडे बघायची मला भीती वाटत होती, म्हणून गुरुवारपासून मी तो जवळून पाहिलाच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

५

सभागृहात पडदा लांब मेजावर पसरून ठेवला होता. पहारेकरी दाराबाहेर उभा राहिला. आत यायला तो कबूल होईना. म्हणाला, कुत्रं बघतं. खरंच, कुठूनही गेलं तरी ते विणलेलं कुत्रं आपल्याकडे बघत होतं आणि त्याची मालकीण मात्र निजली होती.

मी मेजावर ओणवा झालो. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. भिंग डोळ्याला लावून तिच्या तोंडाशी इतकं तोंड नेलं की मला माझाच श्वास परत लागत होता.

आधी हात ओळखला. थोरली बाण्याचा आडवा दोरा फणीने ठोकते तो दगडासारखा बसतो. धाकटीची वीण जरा सैल असते. आभाळ तिने विणलं होतं ते लगेच कळलं. चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत दगडासारखा होता. म्हणजे थोरली खरं बोलत होती आणि धाकटी खोटं.

मग मी डोळ्यांवर आलो, आणि भिंग तिथेच धरून ठेवलं.

मिटलेल्या डोळ्याला कड असते. पापणीचे केस असतात, दोन पापण्या मिळतात तिथे रेघ असते. ज्याने एकदा तरी झोपलेलं माणूस पाहिलंय त्याला हे ठाऊक असतं. इथे त्यातलं काहीच नव्हतं. भुवईखाली सरळ गाल सुरू होत होता. सपाट कातडी, दुसरं काही नाही. लांबून बघताना आपलं मनच तिथे पापण्या घालत होतं.

राजमातेने डोळे मिटलेले नव्हते. तिला डोळे नव्हतेच.

मी भिंग पुसून पुन्हा लावलं. त्या सपाट कातडीत विणतानाच घातलेले, मुंगीच्या टाचेएवढे चार काळे ठिपके होते. दोन उजवीकडे, दोन डावीकडे, जिथे डोळ्यांचे कोपरे यायला हवेत अगदी तिथे. कुणीतरी जागा राखून ठेवली होती.

कुणाचं मरण आधी कळलेली बाई डोळे मिटवेल. पण डोळ्यांची जागा राखून ठेवून डोळेच न घालणारी बाई कोण? आणि का?

६

दुपारी पुन्हा कारखान्यात गेलो. या वेळी बघण्यासारखं काय आहे ते मी बघितलं. मागापलीकडे दोन आरसे टांगलेले होते. धाकटीच्या जागेवरचा लख्ख होता. थोरलीच्या जागेवरच्या आरशावर बोटभर धूळ होती. तिच्या बाकाशी रंगीत दोऱ्यांच्या कांड्या लटकत होत्या आणि प्रत्येक कांडीच्या दोऱ्याला गाठी होत्या. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

त्या वेळी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. धाकटीला खाली बोलावून आणण्याआधी मी गुलाबी दोऱ्याच्या दोन गाठी सोडल्या आणि हिरव्याच्या गाठी काढून त्याला दोन मारल्या. मग दोघींना समोर बसवलं.

"थोरले," मी म्हणालो, "राजमातेचा गाल कसा विणलास ते या नमुन्याच्या छोट्या मागावर जरा करून दाखव."

ती हसली. कामाचं नाव काढताच तिचा चेहरा उजळला. बोटं कांड्यांवरून भरभर फिरली, दोन गाठींवर थांबली आणि तिने हिरवा दोरा उचलला. दोन फेऱ्या तिने सफाईने घातल्या. हिरव्यागार गालाकडे ती समाधानाने बघत होती.

"ताई, थांब!" धाकटी किंचाळली. "अगं, हिरवा आहे तो!"

थोरलीचा हात हवेतच राहिला. तिने तो हळूच मांडीवर ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं," थोरली म्हणाली. "आधी रंग गेले. मग कडा गेल्या. आता नुसतं धुकं आहे. तुमच्या बाहेर असतं ना, तसं."

मग धाकटी बोलू लागली ती थांबेना. रोज पहाटे उठून ती ताईच्या कांड्यांना गाठी मारायची. चित्र पाहून सांगायची, पहिल्या फेरीला चाळीस दोरे फिका गुलाबी, पुढे सहा दोरे गडद. थोरली सगळे आकडे पाठ करून दिवसभर बोटांनी मोजत विणायची. बापाचा कारखाना वाचवायला दोघींनी संघाच्या डोळ्यांत धूळ फेकली होती.

"मग डोळे का राहिले?"

"गालात दहा-दहा फेऱ्या आकडा तोच असतो. डोळ्यात दर फेरीला बदलतो, शिवाय आठ छटा. एका दोऱ्याने चुकलं की बाई चकणी. ताईने तीनदा विणले, तीनदा मी उसवले. मी म्हटलं, बाजूला सर, मी विणते."

"आणि मी म्हटलं, खबरदार," थोरली म्हणाली. "एकाच हाताचा चेहरा हवा होता. हिने डोळे विणले असते तर ही गप्प बसली असती का? गादी मागितली असती."

"मागितलीच असती! का नको मागू?"

त्याही वेळी दोघी भांडायला लागल्या होत्या. मी मेजावर थाप मारली. "पुढे सांगा."

पुढे काय असणार? दोघी हटेनात आणि काम थांबवता येईना. शेवटी तह झाला. डोळ्यांच्या जागी कातडी विणून, कोपऱ्यांना खुणेचे ठिपके सोडून पुढे जायचं. पडदा कापून काढल्यावर धुवायला आणि जोड शिवायला तीन आठवडे मिळतात. कापणीच्या वेळी कारखान्याबाहेरचं कुणी नसतं, एक मी मोहोर फोडून निघून जातो. त्या तीन आठवड्यांत धाकटी दार लावून सुईने डोळे घालणार होती. नियम मोडून. बदल्यात थोरलीनंतर गादी तिची.

"आणि राजमाता गेल्या," मी म्हणालो.

"त्या गेल्या आणि राजांनी अंत्यविधीसाठी पडदा मागवला. दोन दिवसांत आभाळ उरकून कापा म्हणाले. सात-आठ माणसं येऊन डोक्याशी उभी राहिली. मी सुई कधी काढणार, काका?"

"हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ताईची गादी गेली असती," धाकटी म्हणाली. "पण आंधळ्या बाईला फासावर चढवताना मी बघत बसू? म्हणून म्हटलं, मीच विणला."

"आणि माझ्या चेहऱ्यापायी हिचा जीव जाऊ देऊ?" थोरली म्हणाली. "शिवाय चेहरा माझाच आहे."

त्या एकमेकींना वाचवत होत्या, आणि दोघींना गादीही हवी होती. यातलं खरं कुठलं असं मला विचारू नका. दोन्ही खरं होतं. मला गहिवरून आलं आणि दोघींच्या कानाखाली वाजवाव्यात असंही वाटलं.

७

शनिवारी सभागृह भरलं. संघाचे पंच, राजवाड्याचे कारभारी, ती दासी, आणि बहिणींना शेवटचं बघून घ्यायला आलेले रिकामटेकडे. पडद्याच्या जवळ मात्र कुणी उभं राहत नव्हतं.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं मी म्हणणार नाही," मी सुरुवात केली. "तसं म्हटलं तर तुम्ही मलाही फासावर द्याल. मी म्हणतो, फांदी आधी मोडली. डोळे आधी मिटले आणि मग राजमाता गेल्या, असं तुम्ही धरून चाललात. उलट झालंय. राजमाता गेल्या म्हणून पडदा तीन आठवडे आधी माणसांसमोर आला, आणि म्हणून तो तुम्हाला बिनडोळ्यांचा दिसला. त्या हयात असत्या तर हे डोळे तुम्ही उघडेच पाहिले असते."

मी भिंग फिरवलं. सगळ्यांनी पाळीपाळीने नसलेल्या पापण्या पाहिल्या, चार ठिपके पाहिले. रंगाऱ्याने रेशमाची तारीख सांगितली. त्यात बराच वेळ गेला. धाकटीने शिवणाच्या डबीतून आठ छटांच्या आठ गुंड्या काढून ठेवल्या, एकही धागा न कापलेला. थोरलीच्या डोळ्यांचं कसं सांगावं या विचारात मी असतानाच ती उठून उभी राहिली.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "चेहरा मी न बघता विणलाय."

संघप्रमुख पुढे झाले. त्यांनी त्या गालावरून बोट फिरवलं. ते स्वतः चाळीस वर्षं मागावर बसलेले.

"डोळे असून मला असा गाल जमला नाही," ते पुटपुटले.

कारभाऱ्यांना गालाशी कर्तव्य नव्हतं. "चेटूक नाही म्हणता? बरं. पण राजांना उद्या आई डोळे उघडलेली हवी."

"मिळेल," संघप्रमुख म्हणाले. "सुई आज माझ्या हुकमाने चालेल. धाकटीने इथे, सगळ्यांसमोर डोळे घालावेत. भिंगकाका तपासतील. एकही दोरा चुकला नाही तर गादी तिची, कारण आंधळा उस्ताद संघाला चालवून घेणं कठीण. एक जरी चुकला तर चेहरा विणणारीची गादी, ती जिवंत आहे तोवर, आंधळी तर आंधळी."

धाकटी मेजाशी बसली. उजवा डोळा घालायला तिला पाऊण तास लागला. तो उघडला तेव्हा दासीने दोन पावलं मागे घेतली, कारण एका डोळ्याने झोपलेली आणि एकाने जागी बाई बघणं माणसाला सोसत नाही. मग डावा झाला. राजमाता आता सगळ्यांकडे बघत होती, आणि जो तो तिची नजर चुकवत होता.

मी भिंग लावलं. उजवा डोळा निर्दोष. मग डावा. आतल्या कोपऱ्यात एक दोरा बाहेर राहिला होता. भिंगाशिवाय दिसला नसता. मी धाकटीकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं.

"थांबा," थोरली म्हणाली. "मला हात लावू द्या."

तिची बोटं उजव्या डोळ्यावरून गेली, डाव्यावर आली आणि थबकली. ती गप्प राहिली असती तर मी चूक सांगितली असती, आणि गादी तिची होती. तिलाही ते कळत होतं.

"मुद्दाम केलंस," ती हळू म्हणाली.

"नाही गं ताई. हात हलला."

"तुझा हात हलत नाही. मी शिकवलाय तो."

"ताई, राहू दे ना. गादी तुझी आहे. तू विणलायस चेहरा."

"तू सोडलेल्या गादीवर मी बसणार नाही." तिचं बोट त्या एका दोऱ्यावरून हललं नव्हतं. "आणि माझ्या चेहऱ्यावर चकणा डोळा ठेवायची तुझी हिंमत कशी झाली? उसव तो."

संघप्रमुखांनीही 'एक जरी चुकला तर' या अटीचं नाव काढलं नाही. धाकटीने डोळे पुसले, कात्री उचलली आणि डावा डोळा उसवला. पुन्हा घातला. या वेळी तिने मान वर केली नाही, आणि तिचा हात हलला नाही. मी तीनदा तपासला. काही सापडावं म्हणून मी इतकं कधी शोधलं नव्हतं, आणि काही सापडलं नाही.

थोरलीने पुन्हा बोटं फिरवली. फार वेळ फिरवली.

"हं," ती म्हणाली.

गादी धाकटीची झाल्याचं संघप्रमुखांनी जाहीर केलं. लोक पांगू लागले. त्या गर्दीत, सगळ्या पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात, थोरलीने बहिणीपुढे हात केला. वर्षभर तिने तो कुणापुढे केला नव्हता.

"उस्ताद," ती म्हणाली, "मला धर. इथल्या पायऱ्या मी मोजलेल्या नाहीत."

धाकटीने हात घट्ट धरला, पण रडू आवरेना म्हणून तिला आवाज फुटेना. म्हणून पायऱ्या मीच मोठ्याने मोजल्या. अकरा होत्या.